भाऊजींची लाईन

भिंत फोडण्याआधी मी खडूने रेघा मारतो. कोणती लाईन बोर्डातून निघून कुठून कुठे जाणार आणि कोणत्या पॉइंटवर संपणार, हे आधी भिंतीवर दिसलं पाहिजे. खडूची चूक फडक्याने पुसता येते, छिन्नीची चूक निस्तरायला गवंडी लागतो. माझ्या बहिणीच्या घरी मी दोन रंगांचे खडू घेऊन गेलो होतो. निळा थोरल्या भाच्याचा, लाल धाकट्याचा. भाऊजींसाठी वेगळा खडू न्यावा असं माझ्या मनातही आलं नाही. ते दोघांपैकी कोणाच्या तरी घरात असणार, हे मी धरूनच चाललो होतो.

ताई गेल्यावर दोघा भावांनी घर वाटून घ्यायचं ठरवलं. भांडण नव्हतं, हे आधीच सांगतो. भांडण असतं तर मला सोपं गेलं असतं. मामा या नात्याने दोघांना फैलावर घेतलं असतं आणि मोकळा झालो असतो. पण दोघं अगदी समजुतीने बोलत होते. मधला पॅसेज सामाईक, डावीकडच्या खोल्या थोरल्याच्या, उजवीकडच्या धाकट्याच्या. स्वयंपाकघरं दोन, बोर्ड दोन, सगळ्या लाईनी वेगळ्या. एकाकडे काही बिघडलं तर दुसऱ्याला त्रास नको. हे ‘त्रास नको’ मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं, की मला त्याचाच त्रास व्हायला लागला.

जुनं वायरिंग बदलायलाच झालं होतं, यात वाद नाही. कोणत्या महाभागाने केलं होतं देव जाणे, पण अख्खं घर एका फ्यूजवर होतं. ताईने इस्त्री लावली आणि त्याच वेळी कोणी गीझर चालू केला की फ्यूज उडायचा. मग सगळे चाचपडत पॅसेजमध्ये जमायचे. भाऊजी स्टुलावर चढून फ्यूजला तार गुंडाळायचे, ताई खाली मेणबत्ती धरून उभी, आणि पोरं एकमेकांना भुताचे आवाज काढून दाखवायची. मी तेव्हा नवीनच वायरमन झालो होतो. हे वायरिंग म्हणजे मरणाला आमंत्रण आहे, असं मी ताईला प्रत्येक भेटीत सुनवायचो.

आता तसं कोणी करत नाही. बोर्डातून प्रत्येक लाईन वेगळी काढायची, तिला तिचा स्वतःचा एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच द्यायचा. लाईन एकेक पॉइंट घेत पुढे जाते आणि शेवटच्या पॉइंटला संपते, फिरून बोर्डाकडे येत नाही. एक लाईन पडली तर तेवढंच बंद, बाकीचं घर चालू. फक्त शेवटच्या पॉइंटचं नशीब आधीच्या सगळ्यांच्या हातात असतं. मध्ये कुठे एक स्क्रू ढिला राहिला, की आधीचे मजेत आणि शेवटचा अंधारात. म्हणून लाईन आखताना शेवटी कोणाला ठेवायचं, हे मी फार विचार करून ठरवतो.

भाऊजींची खोली पॅसेजच्या टोकाला, बरोब्बर मधोमध. त्यांची फुप्फुसं कामातून गेली आहेत. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरत असतं, त्याची लांब नळी नाकाला. वीज गेली तर असावा म्हणून कोपऱ्यात एक भरलेला सिलिंडर उभा आहे. पण त्याची चावी घट्ट आहे, भाऊजींच्या बोटांनी ती फिरत नाही. वीज गेली की कोणीतरी येऊन चावी फिरवायची, अशी ती व्यवस्था. ताई होती तेव्हा ती फिरवायची.

निळ्या रेघा झाल्या, लाल रेघा झाल्या. मग थोरल्याने मला गच्चीत नेलं. त्याचं काम घरून चालतं, दिवसभर कॉम्प्युटरवर माणसांशी बोलणं. बाबांच्या मशीनमुळे लाईन पडली आणि ऐन मीटिंगमध्ये तो गायब झाला तर काय, असा त्याचा प्रश्न होता. शिवाय धाकट्याचा बोर्ड बाबांच्या खोलीला जवळ पडतो, नाही का? पडत नव्हता. दोन्ही बोर्ड सारखेच लांब होते.

चहा पिऊन खाली येतो तोच धाकट्याने मला जिन्यात गाठलं. त्याच्याकडे तान्हं बाळ, त्यामुळे एसी, वॉशिंग मशीन, बाटल्या उकळायचं भांडं. त्याच्या बाजूला आधीच लोड जास्त आहे, त्यात मशीन नको, असं मी तांत्रिक कारण म्हणून दादाला सांगावं, अशी त्याची इच्छा होती. दोघांनाही माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. मुलगा म्हणाला की वाईट दिसतं, वायरमन म्हणाला की तो नियम होतो.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण खरं सांगायचं तर दोघांची कीवही आली. थोरल्याच्या डोळ्यांखाली काळं झालेलं, धाकट्याच्या शर्टावर बाळाने ओकलेलं दूध तसंच वाळलेलं. वाईट पोरं नाहीत ती. दमलेली आहेत, आणि दमलेला माणूस सगळ्यात आधी जे गप्प बसलेलं असतं ते बाजूला सारतो.

भाऊजी नळी पुरेल तेवढं चालत उंबऱ्यापर्यंत आले आणि पॅसेजच्या भिंतींकडे बघत उभे राहिले. निळी रेघ थोरल्याच्या बेडरूमपाशी संपत होती, लाल त्याच्या समोर. त्यांच्या दाराच्या दोन्ही बाजूंची भिंत कोरी होती.

“इथे अजून काही काढलं नाहीस,” ते म्हणाले.

मी म्हटलं, काढतो. आणि खिशात सापडला तो पांढरा खडू घेऊन मीटरपासून थेट त्यांच्या खोलीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. ना थोरल्याच्या बोर्डातून, ना धाकट्याच्या. मेनवरून स्वतंत्र लाईन, दाराबाहेर छोटी पेटी, पेटीत वेगळा ईएलसीबी, म्हणजे वीज कुठे गळायला लागली तर क्षणात लाईन तोडणारा स्विच. लाईनीवर दुसऱ्या कोणाचा एकही पॉइंट नाही. कोणाच्या गीझरचा, एसीचा, इस्त्रीचा मशीनला धक्का लागणार नाही. आमच्या धंद्यातल्या कोणालाही दाखवा, पाठ थोपटेल. दोघा भावांचा जीव तर असा भांड्यात पडला की धाकट्याने मला मिठीच मारली.

भाऊजींना मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे मी कोणाच्यात?”

“कोणाच्यातच नाही, भाऊजी. तुमची लाईन स्वतंत्र.”

“बरं,” ते म्हणाले आणि आत जाऊन खाटेवर बसले. त्या ‘बरं’कडे मी कानाडोळा केला. हातात छिन्नी होती आणि मी स्वतःवर खूश होतो.

काम झालं. वायरींसाठी भिंतीत खोदलेल्या झिऱ्या गवंड्याने बुजवल्या, रंग लागला, खडू त्याखाली गेला. पॅसेजमधल्या काही बोर्डांच्या प्लेटा बसवायच्या राहिल्या होत्या, म्हणून एका दुपारी मी पुन्हा गेलो. धाकट्या सुनेने बाळाला कडेवर घेऊनच दार उघडलं आणि परत मिक्सरकडे गेली. थोरल्याचा टीव्ही मोठ्याने चालू, त्याच्या खोलीतून मीटिंगचं बोलणं. पॅसेजमधले नवे दिवे लख्ख. भाऊजींचं दार लावलेलं होतं. मशीनच्या आवाजाने बाळ उठतं म्हणून ते लावूनच असायचं.

मी स्टुलावर चढून स्क्रू पिळत होतो. मधेच मिक्सर थांबला आणि मला बारीक पीं पीं ऐकू आलं. वीज गेल्यावर मशीन तसं ओरडतं. मिक्सर परत सुरू झाल्यावर ते ऐकू येईना.

दार ढकललं तर भाऊजी खाटेच्या कडेला बसलेले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून, खांदे वरखाली होताहेत. ओठ निळसर. मला पाहून बोलायला तोंड उघडलं, पण शब्दासाठी लागणारी हवाही त्यांच्याकडे नव्हती. मी सिलिंडरची चावी फिरवली, नळी काढून तिकडे जोडली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो. हळूहळू ओठांचा रंग परतला. तेवढ्या वेळात दारावरून धाकटी दोनदा गेली असेल. दार परत लोटलं गेलं होतं, तिला काय दिसणार?

खाटेशेजारच्या स्टुलावर ताईच्या वेळची विजेची किटली होती, अर्धी पाण्याने भरलेली. शेजारी कप, त्यात चहाची पुडी. सगळा उलगडा झाला. किटली जुनी, तिच्यातून वीज गळत असणार. जुन्या वायरिंगवर हाताला नुसत्या झिणझिण्या यायच्या आणि चहा व्हायचा. नव्या ईएलसीबीने गळती पकडली आणि लाईन तोडली. लाईनीवर दुसरं होतं काय, तर फक्त मशीन. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं, आणि मी माझं.

किटली कशाला लावली, असं मी जरा वेळाने विचारलं. सकाळचा चहा थोरलीकडून येतो, संध्याकाळचा धाकटीकडून, असं भाऊजींनी सांगितलं. दुपारचा वाटणीत कोणाकडे आला नव्हता. मागायचा कोणाकडे, म्हणून कपाटातून किटली काढली.

मी दोघा भाच्यांना हाका मारून आत बोलावलं. इतक्या चढ्या आवाजात मी त्या घरात कधी बोललो नव्हतो. थोरला कानातला हेडफोन काढत आला, धाकटा गच्चीतून. दोघांनी बापाचा चेहरा पाहिला. थोरला भिंतीला टेकला.

“मामा, आमच्याकडे सगळं चालू होतं,” तो म्हणाला. “दिवे होते, नेट होतं. आम्हाला कसं कळणार?”

तो खोटं बोलत नव्हता. हेच मला झोंबलं. जुना फ्यूज असता तर सगळं घर बंद पडलं असतं आणि शिव्या देत का होईना, माणसं पॅसेजमध्ये आली असती. कोणीतरी विचारलं असतं, बाबांचं मशीन बघा रे. मी इतकं नीटनेटकं काम केलं होतं की बाप गुदमरला तरी मुलांचा टीव्ही लुकलुकणार नाही.

मग उपाय निघायला लागले. थोरला म्हणाला, मोठ्या आवाजाची बेल बसवू. त्यावर दारात उभ्या असलेल्या दोन्ही सुना जमिनीकडे बघायला लागल्या. भाऊजींनी उशीखाली हात घातला आणि बेलचं एक बटण बाहेर काढलं. दाबलं. टिक असा आवाज आला, बाकी काही नाही. बाळ दचकतं म्हणून कोणीतरी तिचा सेल काढून ठेवला होता. कोणी ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

“बेल होती की,” भाऊजी एवढंच म्हणाले.

आम्ही तासातासाला येऊन बघत जाऊ, असं धाकटा रडवेला होऊन म्हणाला. ते त्याच्या मनापासून आलं होतं. आठवडाभर आला असता, मग बाळाला ताप आला असता, आणि तो विसरला असता. मी त्याला ओळखतो, मला तो विसरताना आत्ताच दिसत होता.

सगळे गेल्यावर भाऊजींनी मला खाटेवर बसवून घेतलं.

“मला त्यांच्या लाईनीवर घे.”

मी म्हटलं, भाऊजी, ते चुकीचं आहे. त्यांच्याकडे काही बिघडलं की तुमचं मशीन बंद पडेल. आज जे तुमच्या किटलीने झालं, ते उद्या त्यांच्या कोणत्याही वस्तूने होईल. तुमचं स्वतंत्र आहे तेच बरोबर आहे.

“बरोबर असेल,” ते म्हणाले. मध्ये थांबून त्यांनी श्वास घेतला. “पण माझं गेलं की त्यांचंही काहीतरी जाऊ दे. उठतील तरी.”

मी वायरमन आहे. लोकांच्या घरात एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याला त्रास होऊ नये, यावर माझं पोट भरतं. हे काम माझ्या हातून उलटं करवून घेणारं पहिलं गिऱ्हाईक माझ्याच बहिणीचा नवरा निघाला. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून खिडकीपाशी गेलो आणि उगाच टेस्टर पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खडू काढला, नव्या रंगावर. भाऊजींची लाईन त्यांच्या मशीनच्या सॉकेटवर संपत होती, ती पुढे नेली. तिथून एक फाटा डावीकडे थोरल्याच्या हॉलमध्ये, एक उजवीकडे धाकट्याच्या. फाट्यांवर मोठं काही नाही, फक्त टीव्ही आणि इंटरनेटचा डबा. ती उपकरणं मी सगळी तपासून घेतली, किटली भंगारात टाकली. भाऊजी लाईनीत पहिले आणि मुलं शेवटची. थोरला बघत उभा होता.

“म्हणजे बाबांच्या खोलीत काही झालं की आमचं नेट जाणार?”

“हो.”

“मग माझ्या मीटिंगचं काय?”

“मग उठायचं,” मी म्हटलं. तो बाजूला सरला. आदल्या दुपारचा बापाचा चेहरा त्यानेही पाहिला होता.

संध्याकाळी काम झाल्यावर मी कोणाला न सांगता चाचणी घ्यायची ठरवली. भाऊजींना कल्पना दिली, आधी सिलिंडर चालू करून नळी त्यावर घेतली आणि मग पॅसेजमधल्या पेटीतला स्विच पाडला. मी भाऊजींच्या दाराआड उभा राहिलो. मशीन पीं पीं करायला लागलं. दोन्हीकडचे टीव्ही गप्प झाले आणि घरात एकदम शांतता पसरली. भाऊजी दाराकडे डोळे लावून बसले होते. आपल्याला कोणी भेटायला येणार असेल तेव्हा माणूस बसतो तसे, शर्ट नीट करून.

दोन्ही दारं उघडली. दोघे भाऊ पॅसेजमध्ये आले. “गेलं का रे तुझंही?” एकाने विचारलं, दुसरा हो म्हणाला. थोरल्याने पेटी उघडली, स्विच वर केला. टीव्ही बोलायला लागले. “आलं,” धाकटा म्हणाला. दोन्ही दारं लागली.

भाऊजी अजून दाराकडेच बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. माझी समजूत घालावी तसे हसले, आणि मला ते सहन झालं नाही.

त्यांची नळी अजून सिलिंडरवरच होती; मी पॅसेजमधून स्टूल उचललं. तिथली पेटी उखडली, नवा रंग गिलाव्यासकट निघाला. केबल आत ओढून घेतली आणि पेटी भाऊजींच्या उशाशी, खाटेच्या बरोबर वर बसवली. आता ज्याला टीव्ही हवा, ज्याला मीटिंग हवी, त्याला दार उघडून आत यावं लागणार होतं आणि बापाच्या अंगावरून वाकून हात वर न्यावा लागणार होता. पेटी अशा जागी कोणी लावत नाही. माझ्या शागिर्दाने लावली असती तर मी त्याला हाकलून दिलं असतं. काम चाललं होतं तोवर दोन्ही घरांत टीव्ही बंद होते, त्यामुळे मी काय करतोय ते सगळ्यांना कळलं. कोणी अडवायला आलं नाही.

लाईन चालू करून दोन्हीकडचे टीव्ही येऊ दिले, आणि पुन्हा स्विच खाली. मशीन पीं पीं करायला लागलं.

या वेळी दोघे सवयीने पॅसेजमध्ये आले, रिकाम्या खळग्यापाशी थांबले आणि मग एकापाठोपाठ एक आत आले. ते येताना दिसले तसे भाऊजींनी पाय आखडून घेतले. खाटेवर पायथ्याशी दोघांना बसण्याइतकी जागा झाली.

थोरला वाकला, स्विच वर केला. मशीन घरघरायला लागलं. हॉलमधून टीव्हीचा आवाज आला. तो वळला, दारापर्यंत गेला, आणि थांबला. मी मुद्दाम नळी सिलिंडरलाच ठेवली होती. ती परत मशीनला जोडायला हवी होती.

“बाबा,” त्याने विचारलं, “ही आता काढून कुठे लावायची?”

इतके महिने एका घरात राहून त्याला ते माहीत नव्हतं. धाकट्यालाही नव्हतं, तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी हाताची घडी घातली.

“इकडे ये,” भाऊजी म्हणाले, “दाखवतो.” आणि त्यांनी पाय आणखी थोडे आखडले.